मिरजेपासून ऑकलंड किती लांब

"जयंता, तुझं ऑकलंड इथून किती लांब आहे रे?"

तेराव्याच्या जेवणाची शेवटची पत्रावळ नुकतीच उचलली गेली होती. माझे थोरले मेहुणे जयंतराव भिंतीला टेकून बडीशेप चघळत होते, त्यांचं चघळणं थांबलं. धाकटा कौस्तुभ मोबाइलवर बोट फिरवत होता, त्याचं बोट थांबलं. माझी बायको वृंदा ओली ताटं घेऊन आतून येत होती, ती उंबऱ्यातच उभी राहिली. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, नवरा गेल्यापासून कोणाला काही विचारलं असेल तर ते हेच. पण इतक्या साध्या प्रश्नाने एवढी माणसं एकदम गप्प झालेली मी तोवर पाहिली नव्हती.

मी सांगलीच्या एका कॉलेजात भूगोल शिकवायचो. वर्गात अंतराचा प्रश्न विचारला की मुलं पंख्याकडे बघू लागत. इथे परदेशात घरं केलेले दोन कर्ते पुरुष पंख्याकडे बघत होते.

कारण आदल्या दिवशी घडलेलं होतं. अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, धाकटी बहीण कमलआत्या, हिला कमी ऐकू येतं. त्यामुळे तिचं खासगी बोलणं शेजारच्या दोन घरांना पुरतं. स्वयंपाकघरात वाटाणे सोलता सोलता तिने वृंदाच्या कानाशी लागून विचारलं होतं, "आता वहिनीला कोण नेणार? थोरला की धाकटा?"

बाहेरच्या खोलीत दोघे भाऊ होते. दोघांनाही त्याच क्षणी महत्त्वाचे फोन आले. एक गच्चीवर गेला, दुसरा गल्लीच्या टोकापर्यंत.

थोरला की धाकटा, एवढीच नावं होती. वृंदा मधली, पण ती मुलगी, आणि सांगलीला राहणारी. सांगली ते मिरज हे अंतर वाटेत म्हशी आडव्या आल्या तरी अर्ध्या तासाचं. इतक्या जवळच्या माणसांचा अशा वेळी विचार करण्याची पद्धत नाही.

एरवी या दोघा भावांना आपली गावं लांब आहेत असं कधी वाटलं नव्हतं. जयंतराव ऑकलंडला, कौस्तुभ सिअॅटलला. दर रविवारी फोन यायचा आणि त्यात एक वाक्य ठरलेलं असायचं. "जग किती जवळ आलंय, अण्णा. विमानात बसायचं, जेवायचं, एक झोप काढायची, डोळे उघडले की मुंबई." अण्णांनी उभा जन्म मिरजेच्या रेल्वे पार्सल ऑफिसात काढलेला. वेळेवर येणाऱ्या कोणत्याही वाहनाबद्दल त्यांना आदर होता. ते हे वाक्य केशकर्तनालयात, भाजी मंडईत आणि दवाखान्याच्या बाकावर बसून लोकांना ऐकवायचे. "पोरं लांब कुठली? एका झोपेवर आहेत."

ही झोप दोघांनाही तीन-चार वर्षांतून एकदाच लागायची, हा भाग वेगळा.

अण्णा गेले ते चार दिवसांच्या आजारात. रविवारी खोकला आणि ताप, म्हणून दवाखान्यात नेलं. सोमवारी डॉक्टर म्हणाले, छातीत थोडा कफ आहे, गुरुवारी घरी सोडतो. अण्णांनी स्वतःच बजावलं, "पोरांना कळवू नका. उगीच नोकऱ्या सोडून धावत येतील." माईंनी ते शब्दशः पाळलं. वृंदाने दोनदा फोन हातात घेतला, दोन्ही वेळा माईंनी तो काढून घेतला. बुधवारी संध्याकाळी त्यांनी आपणहून सांगितलं, "कळव आता." गुरुवारी दवाखान्याने शब्दाप्रमाणे अण्णांना घरी सोडलं, फक्त वेगळ्या गाडीतून.

अग्नी मी दिला. जावयाला हा मान सहसा मिळत नाही. कौस्तुभ चौथ्या दिवशी आला, जयंतराव सहाव्या. आता सगळं आटोपलंच आहे म्हटल्यावर दोघांनी तिकिटं जरा शांतपणे काढली होती. त्यांच्या बायका आल्या नाहीत, कारण मुलांच्या परीक्षा होत्या. पृथ्वीच्या दोन्ही गोलार्धांत एकाच आठवड्यात परीक्षा येतात, ही माहिती मला नवीन होती.

तर माईंनी विचारलं, आणि कोणी बोलेना.

"किती लांब रे?" माईंनी पुन्हा विचारलं. त्या लोखंडी खाटेवर पाय खाली सोडून बसल्या होत्या.

"लांब म्हणजे..." जयंतरावांनी घसा साफ केला. "लांबच आहे गं माई. म्हणजे जगाचं टोकच म्हण ना. त्याच्या पुढे मग बर्फच."

"आणि कौस्तुभचं?"

"माझं तर दादाच्याही पुढे," कौस्तुभ घाईने म्हणाला. "दादाकडे जायचं तर मध्ये सिंगापूर तरी लागतं. आपली माणसं दिसतात, इडली मिळते. माझ्याकडे यायचं म्हणजे नुसता बर्फाचा समुद्र ओलांडायचा."

"इडलीचं काय घेऊन बसलास," जयंतराव म्हणाले. "सिंगापूरला सात-सात तास बसावं लागतं. नुसतं बसायचं. माईचे गुडघे बघ."

"माझ्याकडे सलग पंधरा तास बसायचं असतं, दादा. त्यात पायांत रक्त साकळतं. म्हाताऱ्या माणसांना डॉक्टर परवानगीच देत नाहीत."

"आमच्याकडे उतरल्यावर चपला धुवायला लावतात. पिशवीत एक मेथीचा दाणा सापडला तर दंड."

"आमच्याकडे उतरल्यावर दोन तास उभं राहावं लागतं. का आलात, कधी जाणार, सगळं विचारतात. इंग्रजीत."

बारा वर्षांत पहिल्यांदाच मी दोघा भावांना आपापल्या देशांबद्दल इतकं वाईट बोलताना ऐकत होतो. मागच्या खेपेला जयंतरावांनी ऑकलंडच्या विमानतळाचे फोटो दाखवले होते. तिथल्या खुर्च्यांवर मालिश होते, असं त्यांनी सांगितलं होतं. त्या खुर्च्या बहुधा मधल्या काळात काढून टाकल्या असाव्यात.

वृंदाने ताटं खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेचा अर्थ मला कळत होता. तुम्ही काही बोलू नका, असा तो अर्थ होता. मी काही बोलत नव्हतो. मला ऐकायचं होतं.

माई मन लावून ऐकत होत्या. एकाचं झालं की मान दुसऱ्याकडे वळवायच्या. "अंतर किती पण? आकडा सांग."

"आकडा... वीसेक हजार किलोमीटर असेल," जयंतराव म्हणाले.

"माझं त्याहून जास्त," कौस्तुभ म्हणाला.

"मग माझं बावीस."

पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर. तेव्हा कोणतीही दोन गावं एकमेकांपासून वीस हजारांहून लांब असूच शकत नाहीत. त्याच्या पुढे गेलात की जवळ यायला लागता. हे मी दरवर्षी अकरावीच्या मुलांना संत्रं घेऊन समजावत असे. जयंतराव अभियंते आहेत, पण त्या दुपारी ते संत्र्याच्या बाहेर पडले होते. खरं म्हणजे मुंबईहून ऑकलंड आणि मुंबईहून सिअॅटल ही दोन्ही अंतरं जवळजवळ सारखी आहेत, साडेबारा हजारांच्या आसपास. दोन्हींतला फरक मिरज ते पुणे एवढाही नाही. दोन्ही मुलांनी आईपासून बरोबर सारख्याच अंतरावर घरं केली होती. ठरवून केलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं.

"आणि वेळ?" माई म्हणाल्या. "घरातून निघाल्यापासून या दारात येईपर्यंत किती वेळ?"

"वेळेचं काही खरं नाही, माई. हवामान असतं. संप असतात."

"समजा सगळं सुरळीत आहे. आणि समजा घाईचं आहे. आज सकाळी कळलं आणि लगेच निघालं. तरी?"

भावांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटतं, त्यांच्या डोक्यात तेव्हा एकच चित्र होतं. माई एक बॅग घेऊन दारात उभी आहे आणि विमान खाली तयार आहे.

"लगेच निघताच येत नाही," कौस्तुभ म्हणाला. "तिकीटच मिळत नाही आयत्या वेळी. एक दिवस त्यातच जातो."

"मग विमानतळ. मग पहिलं विमान. मग थांबा," जयंतराव बोटं मोजू लागले. "मग दुसरं विमान. मग मुंबईचा ट्रॅफिक. मग मुंबई ते मिरज आख्खी रात्र. तीन दिवस धर, माई. कमीत कमी."

"तीन? साडेतीन," कौस्तुभ म्हणाला.

"तीन दिवस," माई म्हणाल्या. "त्याच्या आत नाहीच?"

"शक्यच नाही," जयंतराव म्हणाले, आणि आवाजात असा ठामपणा आणला की जणू माई उद्याच निघाल्या आहेत आणि हा शेवटचा उपाय आहे. "कोणीही येऊ शकत नाही. मनात आणलं तरी."

आता मात्र मला राहवेना. तेरा दिवस मी गप्प होतो. रात्रंदिवस दवाखान्यात वृंदा आणि मी होतो, औषधं मी आणली होती, दहाव्याला भटजींशी घासाघीस मी केली होती. आणि हे दोघे आता स्वतःच्या आईला घाबरून पृथ्वी ताणत बसले होते. मी खुर्ची पुढे ओढली.

"जयंतराव, एक विचारू? न्यूझीलंड हल्लीच सरकलंय का? कारण मी शिकवतो त्या नकाशात ते—"

"श्रीपादराव," माई म्हणाल्या, "जरा आत येता? माझी रक्तदाबाची गोळी सापडत नाहीये."

गोळी कुठे असते हे माईंना, मला आणि वृंदाला चांगलं माहीत होतं. मी त्यांच्या मागोमाग आत गेलो. मला वाटलं, माई आता मला समज देणार. पोरं चार दिवसांची पाहुणी आहेत, त्यांना बोलू नका, वगैरे. किंवा कदाचित रडतील. कोणत्या आईला हे ऐकून वाईट वाटणार नाही? मी मनातल्या मनात वाक्यही तयार केलं होतं. माई, तुम्ही आमच्याकडे चला, त्या दोघांच्या तोंडाला लागू नका, असं काहीसं.

माईंनी दार लोटून घेतलं आणि ट्रंकेवर बसल्या. त्यांचा चेहरा रडवेला नव्हता. उलट गेल्या तेरा दिवसांत नव्हता इतका सैल वाटत होता.

"बसा," त्या म्हणाल्या. मी खाटेच्या कडेवर बसलो.

"तुम्हाला सांगते. वृंदाला सांगितलं नाही अजून, तिला सोसायचं नाही. बुधवारी दुपारी तुम्ही दोघं जेवायला गेला होतात ना? तेव्हा ह्यांनी डोळे उघडले. मला म्हणाले, 'जयंता कुठवर आलाय?'"

"आपणच म्हणाले होते, कळवू नका. पण मनातून त्यांना वाटत असणार, मी कळवलंय. मी म्हणजे ऐकणारी नाही, एवढा भरवसा." त्या थोड्या हसल्यासारख्या झाल्या. "मी म्हटलं, निघालाय. दोघंही निघालेत. आणि अजून फोनसुद्धा केला नव्हता. संध्याकाळी पुन्हा विचारलं, कुठवर आलाय. मी म्हटलं, मुंबईला उतरला. तेव्हा कुठे वृंदाला म्हटलं, कळव. रात्री ते सारखे दाराकडे बघत होते, श्रीपादराव. गाडीची वाट बघावी तसे."

बाहेरून कमलआत्याचा आवाज आला, ती कोणाला तरी साखर कुठे आहे ते विचारत होती. माई तो थांबेपर्यंत थांबल्या.

"मला झोप नाही. डोळा लागला की तेच. सोमवारी वृंदा फोन लावत होती, मी तो तिच्या हातातून काढून घेतला. लावू दिला असता तर पोरं बुधवारपर्यंत आली असती, हेच डोक्यात. ही पोरं नेहमी म्हणायची ना, एका झोपेवर आहोत म्हणून? मग एका झोपेत आले असते की. ह्यांना दिसले असते." त्यांनी पदराने नाक पुसलं. "विचारायला धीर होत नव्हता. आज म्हटलं, विचारूनच टाकू. तर बघा, तीन दिवस. सोमवारी सकाळी निघाले असते तरी गुरुवारी दुपारच्या आधी पोचतच नव्हते. तोवर हे गेलेच होते. माझ्या हातात काही नव्हतं."

ऑकलंडहून मुंबई, सिंगापूरचा थांबा धरून, अठरा-एकोणीस तास. सिअॅटलहून बावीसेक. मुंबई ते मिरज आठ-नऊ. मी काही हिशेब मांडला नव्हता. तो माझ्या डोक्यात वीस वर्षं पाठच होता. सोमवारी सकाळचा फोन म्हणजे बुधवारी सकाळी दोन्ही मुलं दवाखान्याच्या दारात. दुपारी अण्णांनी डोळे उघडले तेव्हा त्यांच्या उशाशी.

"श्रीपादराव," माई म्हणाल्या. "तुम्ही भूगोलाचे मास्तर. पोरं मला बरं वाटावं म्हणून तर नाही ना बोलली? तुम्ही सांगा. खरंच तीन दिवस लागतात?"

मला बरं वाटावं म्हणून. मी त्या दारापलीकडच्या दोन माणसांचा विचार केला. सात तासांचे थांबे, साकळणारं रक्त, मेथीचा दाणा. या दोघांनी जन्मात आईसाठी एवढी मेहनत घेतली नसेल.

"तीन कधी कधीच लागतात, माई," मी म्हणालो. "एरवी चार."

त्यांनी डोळे मिटले. मग गोळीच्या डबीतून गोळी काढली, पाण्याशिवायच गिळली आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. मी दार हळूच लोटून बाहेर आलो तोवर त्या घोरायला लागल्या होत्या.

बाहेर दोघे भाऊ उभेच होते.

"काय म्हणाली?" जयंतरावांनी दबक्या आवाजात विचारलं. "यायचं म्हणतेय का?"

"नाही," मी म्हणालो. "तुमच्या उत्तराने त्यांचं पूर्ण समाधान झालं."

"मी म्हटलंच होतं, माई समजूतदार आहे," कौस्तुभ म्हणाला. दोघांच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की मला त्यांच्यासाठी चहा टाकावासा वाटला. दोन दिवसांनी दोघेही गेले. आश्चर्य म्हणजे सुखरूप पोचल्याचा फोन दुसऱ्याच दिवशी आला. तो मी उचलला आणि माईंना दोन दिवस उशिरा सांगितला.

माई आमच्याकडे सांगलीला राहिल्या. जावयाच्या घरी राहणं बरं दिसत नाही, असं कमलआत्या सगळ्या आळीला कुजबुजली. माईंनी मनावर घेतलं नाही. सकाळी वृंदाशी भांडायच्या, दुपारी तिच्यासाठी थालीपीठ राखून ठेवायच्या, रात्री शांत झोपायच्या.

चार वर्षांनी जयंतराव आले. एकटेच. त्यांची मुलं शिकायला दुसऱ्या गावी गेली होती, घर रिकामं झालं होतं, आणि माणूस बराच बदलला होता. बॅगा न उघडताच ते माईंच्या पायाशी बसले.

"माई, या वेळी तुला न्यायलाच आलोय. सहा महिने राहा. समुद्रावर फिरू. तुझ्यासाठी खालची खोली केलीय, जिना चढायला नको."

ते मनापासून बोलत होते. मला त्यांच्यावर कधी नव्हे तो विश्वास बसला.

"नको रे," माई म्हणाल्या. "तीन दिवस बसणं आता झेपायचं नाही मला."

"तीन दिवस कशाला, माई? कोण म्हणालं? अगं, तू एक झोप—"

"जयंतराव," मी म्हणालो, "जरा बाहेर येता? तुमची टॅक्सी मागे घ्यायला सांगा, शेजाऱ्यांना अडचण होतेय."

टॅक्सी केव्हाच निघून गेली होती. फाटकापाशी उभं राहून मी त्यांना सगळं सांगितलं. सोमवारचा फोन, बुधवारची दुपार, कुठवर आलाय, दाराकडे बघणं. मुंबईला उतरला. मला हे कधीतरी त्यांना ऐकवायचं होतंच. चार वर्षं मी त्याची वाक्यं मनात घोळवली होती, आणि त्यांतली काही चांगली धारदार होती. त्यातलं एकही बोलावं लागलं नाही. ते ऐकत गेले तसे फाटकाला धरत गेले.

"म्हणजे अण्णांनी माझं नाव..." ते म्हणाले.

"हो."

"आणि मी पोचलो असतो."

"हो."

पलीकडच्या घरात कोणीतरी पापड वाळत घालत होतं. जयंतरावांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत लावला आणि ते आत गेले. मी मागोमाग गेलो. ते पुन्हा माईंच्या पायाशी बसले.

"बरोबर आहे तुझं, माई," ते म्हणाले. "राहू दे. फार लांब आहे."

माईंनी त्यांच्या विरळ झालेल्या केसांवरून हात फिरवला.

"असू दे रे," त्या म्हणाल्या. "त्याला तू तरी काय करणार."